एका कानाचं मत

माझा उजवा कान कोक भट्टीनं खाल्ला,
एकोणीस वर्षांत, हळूहळू.
त्यामुळे या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देणं
मला जमत नाही.
आत गेलेलं आतच राहतं.
हे आधी सांगितलेलं बरं.

ऑस्ट्रावात, मालधक्क्यामागे, व्लास्तिमिलचं दुकान:
सायकलच्या ट्यूब आणि कॅसेटी, एकाच काउंटरवर.
चाळीस प्रती निघतात, कधी पंचवीस,
कव्हरं हातानं दुमडलेली, एकावर तर जॅमचा डाग.
तो नवी कॅसेट पुढे सरकवतो, विचारतो, "काय?"
उत्तर मी आठवड्यानं देतो, वहीतून.

ओलोमोउत्सच्या दोघा भावांचं ‘फ्रिज’:
चव्वेचाळीस मिनिटं एक फ्रिज.
लोक हसले. मीही हसलो, मग पुन्हा लावलं.
एकोणतिसाव्या मिनिटाला त्यांची मोटर थांबते
आणि घरातला आपला फ्रिज ऐकू येतो,
जो इतका वेळ त्यांच्याच सुरात होता.
चार तारे. पाचवा दिला नाही,
कारण तो फ्रिज माझा आहे.

‘निकल’, लाइपझिगची टोळी: मोठं. नुसतं मोठं.
आवाज चढवला म्हणजे म्हणणं असतंच असं नाही.
ओरडणारा फोरमन मी आयुष्यभर ऐकला,
त्याच्याकडे दोनच वाक्यं होती.

सॅक्सोफोनमध्ये न फुंकता नुसत्या चाव्या दाबणारा तो ओतोकार:
चतुर.
माझ्या वहीत ही शिवी आहे.

तारेवर गज घासणारी ती म्हातारी, झ्लीनची,
दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला खोकते
आणि खोकला तसाच ठेवते.
त्या खोकल्यासाठी
अख्खी पहिली बाजू माफ.

व्लास्तिमिल म्हणाला, ‘खाणीखालचं हवामान’मध्ये
खरी गंमत उजवीकडे आहे, तुला काय कळणार.
मी हेडफोन उलटा घातला.
आता माझ्याकडे दोन अल्बम आहेत,
त्याच्याकडे एकच.

मग एस्तेर व्रानोवाचं ते आलं,
आमच्या भट्टीवर केलेलं, भट्टी बंद पडल्यावर.
मी कान टवकारून बसलो नाही.
परीक्षकासारखा बसलो, चहा घेऊन, आधीच नाक मुरडून.
पहिल्या दोन मिनिटांत लिहिलं:
पोरीनं आवाज घुमवलाय, चर्च केलंय यंत्रघराचं.
तिथं काही घुमत नव्हतं.
आवाज यायचा आणि छातीवर उभा राहायचा.
दोन तारे. शाईनं.

सातव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा.
दोन ठोके, आणि तिसरा झिजलेला, निम्माच.
मी खुर्चीतून उठलो,
दोन पावलं मागे सरलो,
पाठ ओट्याला लागली, चहा सांडला.
दार उघडलं की ज्वाळा येते, म्हणून.
स्वयंपाकघरात ज्वाळा कुठून यायची.
उजव्या कानात काही आलं असं मी म्हणणार नाही.
आलं नाही.

शनिवारी ती दुकानात होती,
रेनकोट, बोटांना सोल्डरिंगचे चटके.
व्लास्तिमिलनं माझ्याकडे बोट केलं. तिनं विचारलं, "काय?"
मी म्हणालो, एवढं कशाला घुमवलंस?
ती म्हणाली, मी काहीच नाही घातलं.
रखवालदारानं फक्त घंटा आणि मोटर चालू करून दिली.
आत दुसरं कोणी नव्हतं.

माणसं होती तेव्हा
घुमायला जागाच नव्हती, एवढंच.
हे मी तिला बोललो नाही.
मागच्या चाकाची ट्यूब घेतली,
पैसे मोजून दिले, घरी आलो.

दोन तारे खोडले नाहीत. शाईचे आहेत,
आणि पहिली दहा सेकंदं अजूनही लांबलेली वाटतात.
बाजूला पेन्सिलनं लिहिलंय:
घंटा बरोबर आहे.